संग्रहालयातली ड्रॅगनची रात्र: चार वर्षांचा धाकटा, नऊ वर्षांची थोरली आणि एकटी आई

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घराजवळच्या संग्रहालयात एका संध्याकाळी कुटुंबांसाठी ‘ड्रॅगन, पऱ्या आणि जादूगार’ असा कार्यक्रम आहे. मुलगा चार वर्षांचा, अंधाराला आणि मुखवट्यांना घाबरतो. मुलगी नऊ वर्षांची, ती आत्ताच म्हणतेय, ‘शी, ते सगळं खोटं असतं.’ नवऱ्याला काम आहे, म्हणजे दोघांना सांभाळायला आई एकटीच. न्यावं का? आणि नेलं तर मुलांना त्यातून काही मिळतं, की नुसती गर्दी आणि चमकी?

न्या. मी संग्रहालयाच्या शिक्षण विभागात बरीच वर्षं काढली आहेत. अशा रात्री आखल्या आहेत, दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीच्या फटीतून चमकीही वेचली आहे, आणि माझी स्वतःची मुलं घेऊन दुसऱ्यांच्या कार्यक्रमाच्या रांगेतही उभी राहिले आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगते. फक्त एक मनाशी ठरवून जा: त्या रात्री सगळं बघायचं नाही. प्रत्येक मुलानं एक खरी वस्तू नीट बघून यायचं. बाकी सगळी मांडवाची सजावट आहे. ती छान असते, पण तिच्यासाठी संग्रहालयात जायची गरज नसते.

आधी धाकट्याच्या भीतीचं बोलू, कारण ते बिघडलं तर बाकीचं जमत नाही.

‘अरे, ते खोटं आहे’ हे चार वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा माहीत असतं. अडचण ती नाहीच. पॉल हॅरिस हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामी खोकी दाखवली आणि सांगितलं, आता यात एक प्राणी आहे असं समजा. काहींना ससा, काहींना राक्षस. मुलं स्पष्ट सांगत होती की हे लुटूपुटूचं आहे. तरी प्रयोग घेणारी व्यक्ती खोलीबाहेर जायला निघाली तेव्हा राक्षसवाल्या लहान मुलांपैकी काहींना एकटं थांबवेना, आणि एकटं ठेवल्यावर बरीच मुलं खोक्यापाशी जाऊन खात्री करून आली. कळणं आणि न घाबरणं ही दोन वेगळी खाती आहेत. मोठ्यांचंही तेच होतं, आपण फक्त खोक्यापाशी जाताना कुणी बघत नाही ना ते पाहतो.

तेव्हा पटवत बसू नका. मुलाला तो प्रकार आतून कसा चालतो ते बघायला मिळालं की भीती बरीच उतरते. आमच्या पहिल्याच अशा रात्री आम्ही तीन माणसं आत शिरतील असा लांबलचक ड्रॅगन केला होता. मोठं डोकं, उघडमीट करणारा जबडा. तो दणक्यात जिन्यावरून उतरला आणि पुढे बसलेली निम्मी मुलं आयांच्या कडेवर. आम्हाला वाटलं होतं टाळ्या पडतील. पुढच्या खेपेला ड्रॅगनचं डोकं आधीच टेबलावर मांडून ठेवलं. मुलांना जबड्यात हात घालू दिला, दोरी ओढली की तोंड कसं उघडतं ते दाखवलं, आणि मग त्यांच्यासमोरच आमच्या एका सहकाऱ्यानं ते डोक्यावर चढवलं. ड्रॅगन तोच, जबडा तोच. या वेळी रडारड झाली नाही, शेपटी कुणी धरायची यावरून भांडण मात्र झालं.

तुमच्याकडचे आयोजक एवढा विचार करतीलच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. वेशातली माणसं मुलांच्या अंगावर येणार आहेत की ठरलेल्या जागी उभी राहणार आहेत? कोणत्या दालनात दिवे घालवणार आहेत? धूर किंवा मोठे आवाज आहेत का? आणि शांत बसायला एखादी खोली आहे का? असे फोन आम्हाला यायचे, त्यात काही वावगं नाही. विचारणारं कुणी असलं की आयोजकही शहाणे होतात.

जमलं तर एक-दोन दिवस आधी दिवसाउजेडी अर्धा तास जाऊन या. तो मोठा सांगाडा, तो पेंढा भरलेला अस्वल, ती उंच छताची खोली एकदा उजेडात ओळखीची झाली की रात्री मुलगाच तुम्हाला सांगतो, ‘हा अस्वल तोच आहे.’ प्रत्यक्ष त्या रात्री दालनाच्या दारात थांबा. हात धरून ओढू नका, ‘घाबरायचं काय त्यात’ म्हणू नका. उंबऱ्यावर उभं राहून आत काय काय दिसतंय ते मोजायला सांगा. आत जायचं की नाही ते त्यानं ठरवावं. नाही म्हणाला तर नाही. दहा मिनिटांनी तो स्वतः परत यायचा हट्ट करेल, किंवा नाही करणार. दोन्ही चालतं.

छोटी टॉर्च नेऊ का, असं पालक हमखास विचारतात. दारावर विचारून घ्या. परवानगी असेल तर घाबरट मुलाच्या हातात टॉर्च देण्यासारखा उपाय नाही, कारण मग अंधार त्याच्या ताब्यात येतो. कुणाच्या डोळ्यांत मारायची नाही आणि जुनं कापड, चित्रं, पिसं यांच्यावर रोखून धरायची नाही, एवढं बजावा. जाता जाता थोरलीला एक सांगून ठेवा. संग्रहालयातली काही दालनं एरवीही मंद का असतात? प्रकाश वस्तूंना हळूहळू खातो. कापड, कागद, जलरंग, पिसं अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवायचा प्रघात आहे. बाहेर भर उन्हात हाच आकडा लाखाच्या आसपास जातो. म्हणजे अंधार भुताखेतांसाठी नसतो, त्या कापडाचा रंग टिकावा म्हणून असतो.

आता थोरली. तिचं ‘खोटं असतं’ हे वाक्य ऐकून मला तर बरंच वाटलं. नऊ वर्षांचं मूल परीच्या पंखांवर भाळणार नाही, पण तपास द्या की रंगून जाईल. तिला सांगा: खोटं आहे ना? मग ते कुणाला आणि कशावरून खरं वाटलं, ते शोधून काढ. कारण त्यातल्या बऱ्याच खोट्यामागे एक खरी वस्तू आहे, आणि ती काही वेळा त्याच इमारतीत काचेमागे ठेवलेली असते.

एकशिंगी घोड्याचंच घ्या. मध्ययुगीन युरोपात त्याचं शिंग म्हणून पिळाचा, लांबलचक, पांढरट दांडा विकला जायचा. विषावर उतारा म्हणून त्याची पूड घेत. खरं तर तो नारव्हालचा दात. नारव्हाल हा आर्क्टिकच्या थंड समुद्रातला, देवमाशांच्या कुळातला प्राणी. नराचा वरच्या जबड्यातला डावा दात ओठ भेदून बाहेर येतो आणि पीळ घेत वाढत वाढत जवळजवळ तीन मीटरपर्यंत जातो. ओले वर्म हा डेन्मार्कमधला वैद्य होता. त्याच्या घरी अशा चमत्कारिक वस्तूंचा प्रचंड संग्रह होता, एका अर्थी आजच्या संग्रहालयांचा तो पूर्वजच. त्यानं १६३८ मध्ये लिहून टाकलं की ही शिंगं नारव्हालची आहेत. गंमत म्हणजे त्यानंतरही त्याच देशात नारव्हालचे दात वापरून राजाचं सिंहासन घडवलं गेलं. कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग किल्ल्यात ते आजही आहे.

आमच्याकडे अशा दाताची प्रतिकृती हाताळायच्या टेबलावर असायची. एक मुलगी, साधारण तुमच्या मुलीएवढी, त्याच्या खाचेत बोट घालून टोकापासून बुडापर्यंत पीळ मोजत गेली. मग मला विचारलं, ‘मग घोडा कुठे गेला?’ मी म्हटलं, घोडा कुणी पाहिलाच नव्हता. ती थांबली, दांड्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘म्हणजे शिंग पाहिलं होतं. घोडा त्यांनी नंतर लावला.’ मी वर्मच्या गोष्टीला दहा मिनिटं घेते. तिनं एका वाक्यात उरकली.

अशी उदाहरणं आणखी आहेत, आणि त्यातलं एखादं तुमच्या संग्रहालयात सापडायची शक्यता बरीच आहे. हत्तीची कवटी असेल तर तिच्यासमोर जरूर थांबा. कवटीच्या मधोमध एक मोठं भोक असतं. ते डोळ्याचं नाही, सोंडेचं. डोळ्यांच्या खोबणी बाजूला, सहज नजरेत न भरणाऱ्या. एकेकाळी सिसिलीसारख्या भूमध्य समुद्रातल्या बेटांवर बुटके हत्ती राहत होते. त्यांच्या कवट्या पाहूनच ग्रीकांना एकडोळ्या राक्षसाची कल्पना सुचली असावी, असा तर्क ओथेनिओ आबेल या जीवाश्मतज्ज्ञानं १९१४ मध्ये मांडला. तर्कच आहे, सिद्ध झालेलं नाही, आणि हे थोरलीला तसंच सांगा. ‘असं असेल का? तुला काय वाटतं?’ हा प्रश्न तिला कुठल्याही जादूगारापेक्षा जास्त वेळ पुरतो.

ड्रॅगनसाठी ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टची गोष्ट सांगा. तिथे चौदाव्या शतकात एक भली मोठी कवटी सापडली. लोकांनी ती ठार मारलेल्या ड्रॅगनची मानली. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या चौकात ड्रॅगनचा दगडी पुतळा घडवला, तेव्हा त्याचं डोकं या कवटीवर बेतलेलं होतं असं मानतात. कवटी निघाली हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची. शार्कचे जुने दगड झालेले दात तर छोट्या संग्रहालयातही असतात. ते शतकानुशतकं सापांच्या नाहीतर ड्रॅगनच्या दगड झालेल्या जिभा समजले जात. निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानं १६६६ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर पकडलेल्या एका शार्कचं डोकं चिरून पाहिलं आणि या ‘जिभा’ शार्कच्या दातांशी हुबेहूब जुळतात हे पुढच्या वर्षी छापलं. आणि उलट्या बाजूची गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपस या प्राण्याची: चोच बदकासारखी, शेपूट बीव्हरसारखी चपटी, वर अंडी घालतो. जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गअभ्यासकानं १७९९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा कुणीतरी दोन प्राणी शिवून आपल्याला फसवत असेल अशी शंका त्याला स्वतःलाच आली होती. तशी शिवाशिवी होतही असे म्हणा. बार्नम या अमेरिकी खेळवाल्यानं १८४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दाखवलेली ‘जलपरी’ वरून माकड आणि खालून मासा होती. म्हणजे शिवलेली वाटलेली खरी निघाली आणि खरी म्हणून दाखवलेली शिवलेली निघाली. ही जोडी नऊ वर्षांच्या मुलांना फार आवडते.

तुमचं संग्रहालय प्राण्यांचं नसून नाणी, भांडी, शस्त्रं, कापडं यांचं असेल तरी अडत नाही. तिला मिश्र प्राणी शोधायला लावा: सिंहाचं धड आणि गरुडाचं डोकं, माशाची शेपटी आणि माणसाचा चेहरा. नाण्यांवर, भांड्यांच्या काठावर, दरवाजांच्या चौकटींवर, जुन्या नकाशांच्या कोपऱ्यात ते लपलेले असतात. कोणते तुकडे कुठून घेतले ते तिनं वहीत काढावं. पेन्सिलच द्या, शाईचं पेन बऱ्याच दालनांत चालत नाही. दुसरं काम: माहितीफलकांवर ‘प्रतिकृती’ हा शब्द हुडकणं. उभे केलेले डायनासोरचे सांगाडे बऱ्याचदा पूर्ण किंवा अंशतः साच्यातून काढलेले असतात. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात १९०५ मध्ये मांडलेला आणि पुढे गाजलेला २६ मीटर लांबीचा डिप्लोडोकस हा डायनासोरसुद्धा प्लास्टरचाच. ‘खोटं’ म्हणजे नेमकं काय, हा विषय मग घरी परतेपर्यंत पुरतो.

धाकट्यासाठी यातलं काही नको. त्याला एक वस्तू, जवळून, बराच वेळ. माझा मुलगा चार वर्षांचा असताना अशाच एका रात्री ‘ड्रॅगनची अंडी’ नावाच्या कोपऱ्यात शहामृगाचं खरं अंडं हाताळायला ठेवलं होतं. बाकीची कागदाच्या लगद्याची, रंगवलेली, भपकेदार. हा नेमका त्या साध्या, पिवळट अंड्यापाशी बसला. त्याच्यावर टाचणीनं टोचल्यासारखी बारीक बारीक छिद्रं असतात, त्यावरून बोट फिरवत राहिला. मग कान लावला. म्हणाला, ‘झोपलाय.’ मागे रांग वाढत होती, स्वयंसेवक घड्याळाकडे बघत होता. मी त्याला उठवलं नाही. बाकीचं काय पाहिलं ते त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं, अंड्याचं अजून सांगतो.

‘आई, ड्रॅगन खरा असतो का?’ हे तो विचारणारच. मी खोटं बोलत नाही आणि फुगाही फोडत नाही. ‘तुला काय वाटतं?’ म्हणून बघते. त्याला खरंच उत्तर हवं असेल तर सांगते, गोष्टीतला ड्रॅगन गोष्टीतच असतो, पण हा दात खऱ्या प्राण्याचा आहे. थोरलीला मात्र आधीच विश्वासात घ्या. धाकट्याच्या खेळाची राखण तिच्याकडे द्या. ‘खोटं आहे’ हे तोंडावर फेकण्यापेक्षा गुपित सांभाळण्यात तिला जास्त मोठेपणा वाटेल.

पोशाखाबद्दल थोडं. पंख मऊ कापडाचे, तारेचे नको. गर्दीत काचेवर घासतात आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांत जातात. काठी, तलवार, जादूची छडी दारावरच ठेवून घेतली जाण्याची शक्यता असते, म्हणून तिथे रडारड होण्यापेक्षा घरीच ठेवा. तोंडभर मुखवटा नको, मंद उजेडात त्यातून पायऱ्या दिसत नाहीत. झगा घोट्याच्या वर. आणि स्वच्छतागृहात जाताना पोशाख एका हातानं काढता येतो का ते घरी करून बघा. या एका गोष्टीवरून मी रात्रीच्या रात्री फुकट गेलेल्या पाहिल्या आहेत.

चमकी लावू नका, ही माझी वैयक्तिक विनंती समजा. ती कपाटांच्या सांध्यात जाते, कापडाच्या विणीत अडकते आणि वर्षानुवर्षं निघत नाही. दालनात खाऊ नेऊ देत नाहीत तेही शिस्तीच्या हौसेपायी नाही. चुऱ्यावर किडे येतात, आणि लोकर, पिसं, कातडी खाणारे किडे एकदा घुसले की कपाटच्या कपाटं पोखरतात. पेंढा भरलेल्या प्राण्यांना हात लावायचा नाही यामागे तर आणखी गंभीर कारण आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याचाही बराच काळ कातडी टिकावी म्हणून आर्सेनिक मिसळलेला साबण आतून चोळत असत. जुन्या प्राण्यांत ते विष अजून असतं. ‘हात लावू नको’ एवढंच म्हटलं तर मुलं हळूच लावतात. ‘त्याच्या अंगात खरं विष आहे’ म्हटलं की थोरली स्वतःच धाकट्याचा हात धरून ठेवते. हाताळायच्या टेबलावर ठेवलेल्या वस्तूंना मात्र बिनधास्त हात लावू द्या, त्या त्यासाठीच निवडलेल्या असतात.

तुम्ही एकट्या जाणार, म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. दार उघडताच पोचा. पहिला पाऊण तास सर्वांत निवांत असतो, नंतर आवाज छतावर आदळून परत येऊ लागतो. दारातून आत जाण्याआधी दोघांचा त्या पोशाखातला फोटो फोनमध्ये काढा, कारण एकसारख्या वीस पऱ्या आणि तीस जादूगार फिरत असतात. धाकट्याच्या मनगटावर आतल्या बाजूला तुमचा नंबर लिहा. चुकलास तर शोधत फिरायचं नाही, आहेस तिथेच थांबायचं आणि गळ्यात ओळखपत्र घातलेल्या माणसाला सांगायचं, हे त्याला घरी दोनदा म्हणायला लावा. थोरलीशी भेटायची जागा ठरवा, पण ‘डायनासोरपाशी’ म्हणू नका, डायनासोर दोन निघतात आणि दोन्हींपाशी गर्दी असते. तिकीट खिडकीसमोरचा खांब बरा.

हस्तकलेचं टेबल शेवटी. पहिल्यांदा तिथे बसलात की तासभर मुकुटाला गोंद लागलेला आणि दालन न पाहिलेलं. शिक्के गोळा करायचा शोधखेळ असतो, त्याचं कार्ड घ्या, पण सगळे शिक्के मिळालेच पाहिजेत असं नाही. शिक्क्यांमागे पळणारी मुलं फक्त शिक्क्यांची टेबलं बघतात, हे आम्ही आमच्याच शोधखेळात पाहिलं आणि नंतर प्रश्न असे बदलले की उत्तर वस्तूकडे बघितल्याशिवाय सापडू नये.

दीड तास झाला की निघा, कार्यक्रम कितीही वेळ असो. चांगलं चाललेलं असताना निघणं जड जातं, म्हणून आत शिरतानाच शेवटची गोष्ट कोणती ते मुलांना ठरवू द्या. ती झाली की घरी. धाकटा त्याआधीच पेंगला किंवा बिथरला तर थोरलीचं काय, ही तुमची खरी पंचाईत होईल, तर तिच्याशी आधीच करार करून ठेवा: आज तुला लवकर निघावं लागलं, तर पुढच्या आठवड्यात आपण दोघीच येऊ, दिवसा, गर्दी नसताना. आणि ते पाळा. साध्या दिवशी दालनात बहुतेक एक रखवालदार, तुम्ही दोघी आणि ती कवटी एवढंच असेल. त्या दिवशी तिची वही घेऊन जायला विसरू नका, आणि माहिती तिला सांगू द्या.